पिकायला एक वर्ष

भोसरीत, जे ब्लॉकच्या शेवटच्या गल्लीत
आमचा पंपाच्या सीलचा कारखाना. माणसं एकतीस.
खांबेटेसाहेबांना मुलगा नाही असं नाही,
आहे; तो मेलबर्नला लोकांचे दात दुरुस्त करतो.
तर एका मंगळवारी डबा उघडता उघडता साहेब म्हणाले,
"कुंदाबाई, कारखाना वाटून टाकू या."

वाटून हा शब्द आमच्याकडे बरा नाही.
वाटणी म्हणजे दोन चुली, मधोमध बांध
आणि तलाठ्याकडं हेलपाटे.
म्हणून शेडमध्ये सांगताना मी तो टाळला.
हिस्सा म्हटलं, तर शिकलगारचाचा टूल घासता घासता हसले,
"बाई, हिस्सा लुटीत असतो."
शेवटी शेअरच म्हटलं.

डेक्कनवरून सीए आला.
लेथ, जमीन, थकलेली येणी, नाव,
सगळ्याची बेरीज करून त्यानं एका शेअरची किंमत काढली:
दोनशे बारा रुपये चाळीस पैसे.
आपल्याला पन्नासात.
सुभद्रा लोंढेनं विचारलं, "चाळीस पैसे कशाचे?"
त्याला सांगता आलं नाही.
मलाही.

नियम मराठीत लिहायला मी बसले.
व्हेस्टिंगला शब्द सापडेना.
'निहित होणे' लिहिलं, खोडलं,
'प्राप्त' लिहिलं, तेही खोडलं.
सीएनसीवरचा नवनाथ ढोरे चहा घ्यायला आला होता,
म्हणाला, "पिकणं म्हणा की."

म्हणून असं:
आज मिळतो तो कच्चा.
वर्ष भरलं की चौथाई पिकतो, चार वर्षांत सगळा.
मधेच गेलात, तर कच्चा परत पाटीत.
"आणि मेलो तर?" यल्लप्पानं विचारलं.
मेलात तर सगळा एकदम पिकतो, वारसाच्या नावावर.
शेडमध्ये कुणी बोललं नाही.
मग यल्लप्पाच म्हणाला,
"हे कलम बायकोला सांगू नका."

नवनाथनं अकराव्या महिन्यात राजीनामा आणला.
चाकणला साडेचार हजार जास्त, बस, जेवण.
वर्षाला एकोणीस दिवस कमी होते.
मी म्हटलं, थांब.
तो म्हणाला, "ते सोमवारी बोलावतात."
त्याच्या ओळीवर पट्टी ठेवून लाल रेघ मारली.
दोनशे चाळीस, कच्चे, परत.
शब्द तेवढा त्याचा राहिला,
नियमावलीत, कलम सहा.

सुभद्राची भिशी त्याच महिन्यात लागली.
साठ शेअरचे तीन हजार तिनं माझ्या टेबलावर मोजले,
दोनदा.
सर्टिफिकेट हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं,
परत माझ्याकडे दिलं.
"घरी नवरा आहे. तुमच्या कपाटात असू द्या."

पहिली सभा कँटीनमध्ये. साहेब ताळेबंद वाचत होते.
चाचांनी हात वर केला.
"तोटा झाला तर तोही माझा?"
"शेअरपुरता. घातलेले पैसे बुडतील, घर नाही."
चाचा बसले. पुन्हा उठले.
"मग जेवणाच्या सुट्टीतसुद्धा लाइनीतून जी हवा सुटते,
कॉम्प्रेसर फुकट पळतो,
ते बिल कुणाचं?"

सगळे गप्प झाले, तेव्हा ऐकू आलं.
भिंतीपलीकडे, बारीक, एकसुरी,
सुईनं पोत्याला भोक पाडल्यासारखं.
वीज मंडळाचं बिल मीच भरते,
चौदा वर्षं,
दर महिन्याला, तारखेच्या आत.

इतिवृत्तात लिहिलं:
ठराव चार. हवेची गळती शोधून बंद करणे.
सूचक, दस्तगीर महंमद शिकलगार.
अनुमोदक,
इथं जरा थांबले,
आणि माझं नाव लिहिलं.
माझेही साठ पिकलेत.