पाव इंच उतार

खोक्यावर लिहिलंय : जावा बेटावरचे गोटे.
अकरा चौरस, जाळीवर चिकटवलेले,
कुणाच्या तरी बोटांनी एकेक निवडून,
सपाट बाजू खाली.
दुलुथमध्ये जन्म गेला आपला,
दारात समुद्राएवढं सरोवर, काठभर गोटेच गोटे,
आणि मी दुकानात पैसे मोजून दगड आणले.
यावर तू हसलीस, लेम्पी. उजव्या बाजूनं.

आधीची फरशी गुळगुळीत होती, माझ्या भावाच्या हातची.
चाळीस वर्षांत एक टवका उडाला नाही.
मार्चमध्ये तिच्यावर उभी राहून तू म्हणालीस,
डावीकडे जमीन संपली आहे.

दवाखान्यातली मुलगी म्हणाली,
तळव्याला काहीतरी वेगळं द्या,
गार, खडबडीत, टोचणारं.
भरवसा नाही, म्हणाली, पण द्या.
तेवढ्यावर मी घण उचलला.
(माफ कर, आर्वो. फार चिवट निघाली तुझी फरशी.)

बत्तीस वर्षं गोदीवर लोहखनिज घसरवलं जहाजांत,
उताराचं मला कुणी सांगू नये.
तरी तीनदा सिमेंट ओढलं, तीनदा खरवडलं.
फुटाला पाव इंच.
कमी पडला तर पाणी बसून राहतं, न उठणाऱ्या पाहुण्यासारखं.
जास्त झाला, तर तू.

त्यावर निळा रबरी लेप, दोन हात.
मग मोरीच्या तोंडात बोळा कोंबला,
दोन इंच पाणी भरलं, पेन्सिलीनं रेघ मारली
आणि शेजारी सॉनाच्या थंड बाकावर
विजेरी घेऊन बसून राहिलो रात्रभर.
कुठं पाणी मुरतंय,
हे माणसांच्या बाबतीत मला कधी कळलं नाही.
सकाळी पाणी रेघेवरच होतं.
वरच्या खोलीत तू झोपेत दोनदा कण्हलीस.
तेही मोजलं.

चौरसाला चौरस लावला की मध्ये रेघ दिसते,
सरळ, मूर्ख.
ओढ्याच्या तळाशी अशी रेघ नसते.
म्हणून कडेचे गोटे जाळीवरून उपटले, वाडगाभर,
गुडघ्यांखाली जुनी उशी घेतली
आणि हातानं बसवत गेलो,
हा जरा फिरवून, तो आडवा,
हा नकोच, बरं, हाच.
वाडग्यात नेमका हवा तो सोडून सगळे सापडतात.
बादलीतलं सिमेंट घट्ट होत चाललेलं.
जावातल्या त्या बाईला (बाईच असणार)
राग आला असता, तिची मांडणी मोडली म्हणून.

एक दगड तिचा नाही.
आपल्या काठावरचा, तांबडा, पट्ट्यापट्ट्यांचा अकीक,
लग्नाआधी तू माझ्या कोटाच्या खिशात टाकलेलास.
तो किंचित उंच बसलाय.
चुकून, असं म्हणू.

ग्राउट भरलं तेव्हा सगळंच गाडलं गेलं.
राखी चिखल, एक गोटा दिसेना.
पोटात गोळा आला माझ्या.
मग ओला स्पंज, हलक्या हातानं, पुन्हा पिळून, पुन्हा,
आणि एकेक वर आला,
चर्चच्या मागच्या बाकावरून
पुढची टकलं दिसावीत तसा.
तीन दिवस कुणी पाय ठेवायचा नाही.
ठेवला नाही. मांजरानं सोडून.

आज खुर्ची दाराशी सोडून
माझा दंड धरून तू आत आलीस.
नळ सोडला.
पाणी गोट्यांच्या फटींतून, घुटमळत,
पण गेलं बरोबर मोरीकडे.
तू उभी राहिलीस. बराच वेळ.

"टोचतोय इथं एक," तू म्हणालीस, चिडून.
"एवढंसुद्धा धड करता येऊ नये, ऐनार?"

बघतो, म्हटलं.
कुठल्या पायाला, ते अजून विचारलं नाही.
साबण तुझ्या हातात दिला.