खुंट्यांचा डबा

कॉफीचा एक रिकामा डबा आहे माझ्याकडे,
तीन पौंडांचा, झाकण हरवलेला.
उन्हं चढायच्या आत लोक तंबू उपटतात
आणि घाईत एखादी खुंटी मातीतच राहते.
मग मी फिरते, एक ते शंभर, एकेक जागा.
बुटाच्या टोकाला टोचलं की वाकते.
लोखंडी, अॅल्युमिनियमच्या, पिवळ्या प्लॅस्टिकच्या,
एकदा तर चक्क स्क्रूड्रायव्हर.

मी इथली होस्ट. हिरवी टोपी, बॅटरीची गाडी,
पगार नाही; ट्रेलरला जागा फुकट, वीज फुकट.
अॅबिलीनचं घर विकलं तेव्हा मर्ल म्हणाला होता,
दोन हिवाळे, बस.
हा पाचवा.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.
आणि विंचूही आहेतच इथे:
खरे, बुटात सापडणारे,
आणि तारेचे, मण्यांचे,
नदीपलीकडची माणसं खडकावर मांडून जातात ते,
शेजारी पैशांची बरणी.
नदी म्हणजे देशाची हद्द. पाणी गुडघाभर.
गाढवं रोज ओलांडतात.

मार्चमधली रात्र. दहा वाजून गेलेले,
म्हणजे नियमानं सगळ्यांनी गप्प.
वाऱ्याला नियम वाचता येत नाहीत.
चौतिसावर एक बाप दोन भाषांत शिव्या देत होता,
मुलगा टॉर्च धरून उभा, उजेड भलतीकडेच,
आणि आई तंबूत उताणी, हातपाय पसरून,
तंबू उडू नये म्हणून
स्वतःच खुंटी झालेली.

चर्चमधून उसना आणलेला तंबू.
पिशवीत दांड्या तीन, खुंट्या शून्य.

मी डबा उपडा केला. सात निवडल्या,
एकीला दुसरी जुळत नव्हती.
रेफ्युहिओनं दगडानं ठोकल्या.
खुंटा हलवून बळकट करतात म्हणे;
हा वारा हलवत होता तो दुसऱ्याच इराद्यानं.
शेवटची बसली तेव्हा आतून डेलियाचा आवाज:
आता उठू का?
आणि तिघंही हसायला लागली,
नियमाबाहेर, अकरा वाजता. मीही.

नंतर, शेकोटीच्या थंड कड्यावर बसून,
तो पोराकडे बघत हळूच बोलला:
ओडेसातली रिग बंद झालीय.
सोमवारपर्यंत त्याला सांगायचं नाही, असं ठरलंय.
मी म्हटलं, खाऊ लोखंडी पेटीत ठेवा,
रानडुकरं टूथपेस्टसुद्धा सोडत नाहीत.
दुसरं काय म्हणणार होते?

रविवारी उजाडायच्या आत गेली.
खांबावरची चिठ्ठी काढलेली,
बाकावर खुंट्या, उंचीप्रमाणे लावलेल्या.
मोजल्या. आठ.
पुन्हा मोजल्या.
आठवी लाकडाची, कॉटनवूडची,
साल अर्धी तशीच, टोक चाकूनं काढलेलं,
वाकडंतिकडं, सात वर्षांच्या हातांचं.

उद्यानातली काडीही उचलायची नाही,
फाटकावरच्या पाटीत लिहिलंय.
ती पाटी दर हिवाळ्यात मीच रंगवते.
मर्लनं चष्म्यावरून पाहिलं. सरकारी मालमत्ता, म्हणाला,
आणि पुन्हा शब्दकोड्यात शिरला.

मी ती डब्यात टाकली.
लोखंडावर लाकूड पडल्याचा आवाज वेगळा येतो.
मग वही काढून लिहिलं:
जागा चौतीस. स्वच्छ.
काही सापडलं नाही.