काजळी राखणारी

सोमवारी संग्रहालय बंद.
तेव्हा मी पुसते : काचा, तिकिटाची खिडकी,
कॉफीच्या यंत्राखालचे ओघळ.
कपडे बदलायच्या हॉलमध्ये मात्र फडकं न्यायचं नाही.
तसं लिहूनच दिलंय, फ्लेमिशमध्ये, सहीशिक्क्यासह :
साखळ्यांवरची काजळी मूळची आहे. हात लावू नये.

आईनं बावीस वर्षं हीच काजळी काढली
सदऱ्यांतून, उशीच्या अभ्र्यांतून,
बाबांच्या कानामागून, ओल्या टॉवेलच्या टोकानं.
आता ती राखायचा मला पगार मिळतो.
हे फोनवर ऐकून आई इतकी हसली
की तिकडे झोंगुल्दाकमध्ये तिला ठसका लागला.

छताला सहाशे आकडे.
खाली उतरण्याआधी माणूस घरचे कपडे
साखळीनं वर चढवून ठेवायचा.
पाळी सुटली की सदरे खाली यायचे, खडखडत.
एखादा वरच राहिला
तर त्या दिवशी साबणसुद्धा कुणी मागून घेत नसे.

चारशे सतरावा बाबांचा.
त्यांच्या आधीची दोन पाळण्यातच गेली,
म्हणून आजीनं नाव ठेवलं दुर्सुन.
म्हणजे, राहो. हा तरी राहो.

पितळेचा बिल्ला मागायला व्हेर्लेसाहेब घरी आले होते,
बूट दाराबाहेर काढून.
चहाचे तीन पेले झाले.
बाबा म्हणाले, बिल्ला नाही देणार, फोटो घ्या.
मग खोकले, बराच वेळ,
आणि म्हणाले, हाही घ्या की, फुकट आहे.

त्यांनी खरंच घेतला.
तिसऱ्या दालनात बटण दाबलं की एक माणूस खोकतो.
शाळेची मुलं पुन्हा पुन्हा दाबतात, हसतात.
मी रागावत नाही. तेही हसले असते.
सोमवारी मेन स्विच बंद असतो
तरी मी त्या बटणावरून फडकं जरा हळूच फिरवते.

खाली पंप चालू असतो. तो बंद करता येत नाही.
कोळसा काढून काढून गाव सात मीटर खचलंय,
पाणी उपसलं नाही तर
चर्च, मशीद, आमची गल्ली, सगळं तळ्यात.
हे माहितीफलकावर नाही.
तळपायांना कळतं.

रात्री फोन येतो.
आईला आता गोष्टी अर्ध्याच आठवतात.
काय गं, निघाली का काजळी?
नाही म्हटलं तर सांगते,
गरम पाण्यात सोडा टाक,
आणि घासू नकोस फार, कापड विरतं.