खुंटीवरचं वजन

तिस्क-उसगावच्या काट्यावर आता
भंगार येतं, काजू येतात, कधी एखाद्या मंडपाचे खांब.
खाणी चालू होत्या तेव्हा
ह्या लोखंडी पाटाला रात्रीही झोप नसे.

मंगळवारी सांतान कुलासो आला
पिकअप घेऊन, आणि मागे अख्खं घर.
खिडक्यांना पडदे, दाराशी पायपुसणं,
पिकअपच्या पाठीवर घरानं मान टेकवलेली,
दमलेलं पोर बापाच्या खांद्यावर हनुवटी टेकवतं तशी.

तीस वर्षं जहाजावर स्वयंपाकी.
अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदराबाहेर बघितलेलं असलं घर
त्यानं फोंड्याच्या गुरुदास फडतेकडून बांधून घेतलं.
"तीन टन ओढते ही," बॉनेटवर थाप मारत म्हणाला,
"घर सव्वीसशे किलो. काटा कशाला हवा?
पण पिएदादला कागद पाहिजे."
पिएदाद पुढच्या सीटवर, मांडीवर पर्स.

मी म्हटलं, ओढणं वेगळं, वाहणं वेगळं.
ओढतं इंजिन.
वाहतात स्प्रिंगा, टायर, मागचा अ‍ॅक्सल.
गाडाभर भात ओढणाऱ्या बैलाच्या
पाठीवर चार पोती ठेवून बघा.

पाचवं चाक म्हणतात, पण ते चाक नव्हेच,
हौद्यात बसवलेला ग्रीस माखलेला तवा,
नालेसारखी खाच, खाचेत घराची खुंटी.
तिच्यावर जे बसतं ते पिकअपच्या खात्यात.

आधी सगळं जोडलेलं, पाटावर फक्त पिकअपची चार चाकं:
एकतीसशे दहा.
मग घर सोडून नुसती पिकअप, दोघं आत:
पंचवीसशे चाळीस.
वजाबाकी पिएदादनं केली, पर्समधल्या पेन्सिलीनं.
खुंटीवर पाचशे सत्तर.

दाराच्या चौकटीवरची पट्टी सांगत होती
भरून एकोणतीसशे पन्नास, पुढे नाही.

सांतान हसला. "एकशे साठ म्हणजे काय मॅडम?
तुमच्या ट्रकांनी इथून काय काय नेलं नाही!"

खरं होतं.
काट्यावर सोळा टन यायचे,
पावतीवर मी दहा लिहायचे.
अक्षर सुंदर होतं माझं, सगळे म्हणत.
उतारावर तापलेल्या ब्रेकांचा वास
केबिनपर्यंत यायचा,
मी खिडकी लावून घ्यायचे.

"उतरवा," मी म्हटलं.

पुढच्या बिछान्याखालची पाण्याची टाकी रिकामी केली.
पाणी पाटाच्या कडेनं गेलं, जुन्या धुळीत लाल झालं.
एकोणतीसशे नव्वद.
अजून चाळीस.
"सामान मागे सारतो," सांतान म्हणाला.
फार सारलंस तर नाक हलकं होईल,
आणि अनमोडच्या वळणांवर शेपूट डोलायला लागेल.

तेव्हा पिएदाद पहिल्यांदा खाली उतरली.
हौद्यातली ताडपत्री तिनंच उचलली.
दोन चिरे.
"चाकांखाली लावायला," म्हणाली.
लाकडी ठोकळे तर बाजूलाच टांगलेले होते.

रायच्या घराच्या बाल्कांवातले ते चिरे.
एक कड गुळगुळीत, किंचित खोलगट,
कुणी वर्षानुवर्षं
एकाच जागी बसून रस्त्याकडे बघावं, तशी.
सांतान बघतच राहिला. मग चिऱ्यावर हात ठेवला,
गरम भांड्याला लावतात तसा, आणि काढून घेतला.

"ठेव गो इथंच," ती मला म्हणाली.
"आता काय, मीच चाललेय."

एकोणतीसशे चाळीस.
पावतीवर तेवढंच लिहिलं.
पाणी घाट चढून गेल्यावर भरा, एवढं सांगितलं,
आणि तेही थोडंच.

एक चिरा केबिनच्या दाराला लावलाय,
वाऱ्यानं आपटतं म्हणून.
दुसऱ्यावर बसून डबा खाते.
एकदा त्याला एकट्यालाच पाटावर ठेवून बघितलं.
काटा दहाच्या पटीतच बोलतो,
कधी वीस म्हणतो,
कधी तीस.