नावे बाजू

किर्दीत डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
अकरा वर्षं झाली शहाद्याच्या या पतसंस्थेत,
फरक मी निघू दिलेला नाही.
एकदा अठ्ठावीस पैशांसाठी
रात्री साडेनऊपर्यंत बसले होते,
शिपाई शटर अर्धं ओढून उभा.

खालच्या ड्रॉवरमध्ये आणखी एक वही आहे.
लाल पुठ्ठ्याची.
तिच्यात जमा बाजू मी आखलीच नाही.

१४ जून. डोंगरगाव रस्ता.
खोली रिकामी, 'भाड्याने देणे' लटकलेलं,
बाईंनी गुळाचा खडा न् पाणीही दिलं.
'पुरं नाव काय शे वं, बाई?'
सेवंती जामसिंग पावरा.
'भाचा येनार शे आमना, कॉलेजले.'
(३ जुलै. पाटी आहे. भाचा नाही.)

९ ऑगस्ट. आदिवासी दिनाचं स्टेटस सगळ्यांनी ठेवलं.
चौधरी सर डबा उघडताना म्हणाले,
'आज तुमच्याकडे मोहाची असेल ना?'
हसणारे : पाच.
त्यात मीही धरलेली आहे.

तारीख पुसट. वाणी मॅडमकडे वास्तुशांत.
मला चहा कागदी कपात.
कप धुवायला बाई नाही, म्हणाल्या.
बाकीचे सहा स्टीलचे कोणी धुतले
याची नोंद नाही.

११ जानेवारी. पोरीच्या शाळेत गॅदरिंग.
तोंडाला काळं, कमरेला अशोकाची पानं,
आणि 'हुर्रर्र' ओरडायचं.
होळीला आमचे बुध्या मोरपिसांचा टोप घालतात,
त्याआधी पाळणी पाळतात, खाटेवर निजत नाहीत,
हे त्या बाईंना ठाऊक नव्हतं.
विचारलंही नव्हतं.

नवरा म्हणतो, किरकोळ आहे, सोड.
किरकोळ नावाचं खातं मी चांगलं ओळखते.
मार्चअखेर तेच सगळ्यात फुगलेलं असतं.

२ फेब्रुवारी. माझंच घर, माझाच ओटा.
गटार काढून रामरती उन्हात टेकली.
तिला पाणी दिलं
दारामागच्या लोट्यातून.
तो लोटा वेगळा कधी ठेवला मी,
कोणी सांगितलं होतं,
आठवेना.
तरी रकाने भरले.
ठिकाण. वेळ. साक्षीदार : माझी पोर.
करणारी : सेवंती जामसिंग पावरा.
खाडाखोड नाही.

मार्चच्या सभेत 'ऐनवेळचे विषय' आले
तेव्हा वही टेबलावर ठेवली आणि वाचली.
माझ्या पानासकट.
पंख्याचा आवाज एवढा होतो, हे तेव्हाच कळलं.
सर म्हणाले, मन मोठं ठेवा मॅडम,
तारखा कशाला लिहून ठेवता?
म्हटलं, सर,
बिनतारखेचं व्हाउचर तुम्हीच परत पाठवता.

वाणी मॅडम तेव्हापासून बोलत नाहीत.
वाईट वाटतं. त्यांनीच मला टॅली शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी वसुलीचा मुबारक तडवी
काउंटरशी घुटमळला.
'ताई, एक कोरं पान मिळंल?
खोलीचं माझंबी आहे.
पुरं नाव सांगितलं
की दोन्हीकडून दार लागतं.'
चार पानं फाडून दिली.
वर त्याला रकाने आखून हवे होते,
म्हणाला, तुमच्यासारखे सरळ येत नाहीत.

काल रामरती आली.
आतला पेला घेतला, आमचाच, काठाला पोचा असलेला,
भरून पुढे केला.
तिने तो धरला नाही.
दारामागे वाकून बघितलं.
'मेरा लोटा कहाँ गया, बाई?'

चोरी झाल्यासारखी बघत होती.

वही उघडी आहे समोर.
हे कोणत्या बाजूला लिहायचं?