डाव्या वळणाचा आवाज

टॉडमॉर्डनच्या चढावर, भाड्याच्या गॅरेजात
जॅकवर उभी एक ट्रायम्फ डोलोमाइट,
सत्त्याहत्तर सालची, चहात भिजलेल्या बिस्किटाच्या रंगाची.
इंजिन परवा काढलं, गिअरबॉक्स काल.
मागचा अ‍ॅक्सल हटून बसलाय,
त्याचे नट आता नट राहिलेले नाहीत.

माझी नवी गाडी भिंतीला टेकून उभी आहे:
फायबरचं अंग, चौकोनी नळ्यांचा सांगाडा,
आणि खोक्यातून आलेलं बारा पानी पुस्तक.
दर दुसऱ्या ओळीत तेच:
हा भाग जुन्या गाडीतून घ्यावा.

आज वायरिंग.
मिरजेत अन्वरमिस्त्री म्हणायचे,
कापायला पक्कड पुरते,
सोडवायला माणूस लागतो.
म्हणून मी डॅशबोर्डखाली उताणा,
पाय दाराबाहेर, तोंडात टॉर्च.
एकेक पिन सोडवतो, चिकटपट्टी गुंडाळतो, वर लिहितो:
डावा दिवा. उजवा दिवा.
वायपर हळू. वायपर जोरात.
पेट्रोलचा काटा.
कशाची कोण जाणे.
कशाची कोण जाणे, दोन.

पस्तीस वर्षं झाली या देशात,
बँकेत सही इंग्रजीत करतो, स्वप्नंही कधीकधी,
पण वायर हातात आली की बोटं मिरजेची होतात.
तपकिरी म्हणजे करंट. काळी म्हणजे अर्थ.
हिरवीवर लाल रेघ: डावीकडे वळणार.
हिरवीवर पांढरी: उजवीकडे.
जांभळी झोपतच नाही, किल्ली काढून घेतली तरी.

सीटखाली विणकामाची एक सुई निघाली.

चार वाजता मिस्टर ऑर्मरॉड आले.
गाडी त्यांच्या विनिफ्रेडची,
दोनशे पौंडांना त्यांनीच दिलेली,
पावती चार घड्या घालून.
टोपी काढून दारातच थांबले,
आत कोणी आजारी असल्यासारखे.
मी सुई पुढे केली.
‘ठेव तुझ्याकडे. मला काय विणता येतं?’
मग उगीच सांगाड्याच्या नळ्या मोजल्या त्यांनी,
जॅकला बुटाचं टोक लावून पाहिलं,
आणि म्हणाले, ‘तो आवाज असेल का रे अजून?’

कोणता?

‘वळून झालं की ती बंद करायची विसरायची.
इथून हेब्डन ब्रिजपर्यंत टिक टिक, टिक टिक.
मागचे लोक हॉर्न मारायचे.
मी चिडायचो. दर वेळी चिडलो.’

फ्लॅशरची डबी अंगठ्याएवढी, अ‍ॅल्युमिनियमची,
आज सकाळीच काढून डब्यात टाकलेली.
बाकावर बॅटरी ठेवली, दोन जुने बल्ब,
हिरवी-लाल जोडली, बटण दाबलं.
काही नाही.
पुन्हा दाबलं. बल्ब हलवले. फुंकर मारली.
ऑर्मरॉड म्हणाले, असू दे.

आधी अर्थ लाव, अन्वरमिस्त्री ओरडायचे,
मग बाकीची अक्कल चालव.
काळ्या वायरीच्या कडीवर गंजाचा पापुद्रा होता.
पॉलिशपेपरने घासली, पिवळं धातू दिसेपर्यंत,
आणि बोल्ट आवळला.

टिक.
टिक.
भिंतीवर फायबरची नवी गाडी
पिवळी होत होती, विझत होती.
ऑर्मरॉड रंगाच्या उलट्या डब्यावर बसले.
मी चहा केला. तो त्यांनी घेतला नाही.

एलईडीचे बल्ब मी मागवून ठेवले होते,
उजेड जास्त, करंट नावाला.
पण एवढ्याशा करंटवर ही डबी तोंड उघडत नाही.
उद्या ते परत पाठवीन, सतरा पौंड सुटतील.
जुनेच बल्ब बसवीन, लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

अंधार पडल्यावर ते उठले,
टोपी घातली, चढ उतरून गेले.
बटण बंद करायचं विसरले.

मीही हात लावला नाही.
अ‍ॅक्सलचं उद्या बघू.