शेवटचा भाग

रात्री नऊला आम्ही सोफ्यावर बसतो,
मध्ये एक उशी, तिच्यावर शेंगदाण्यांची वाटी.
पडद्यावर कुठल्याशा बंगल्यात कोंडलेली पोरं-पोरी
सात आठवड्यांत जन्माचा जोडीदार शोधतात.

श्रीरंग म्हणतो, 'बघ, ती जवळ आली की हा पळतो. अव्हॉइडंट.'
मी म्हणते, 'आणि ती चिकटते. बापामुळे.'
एरवी आमचं
पडद्याच्या रंगावरही एकमत होत नाही.

स्वान्सीत डिसेंबरात चारलाच अंधार.
जीपीनं फॉर्म दिला होता:
गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस
कशातच मन लागलं नाही?
'एकही नाही'वर मी टिक केली.
पेन चांगलं चालत होतं.

काल शेवटचा भाग झाला.
जिंकलेली जोडी रडली, थोडे आम्हीही.
मग टीव्ही काळा झाला
आणि त्यात सोफ्यावरचे दोघे दिसले,
मध्ये उशी.

आम्ही त्यांच्याकडे बघत राहिलो.
'हा काही बोलत का नाही?' श्रीरंगनं विचारलं.
'घाबरतोय. ती हसेल म्हणून.'

तो वाटीतली सालं चिवडत राहिला.
'आणि ती?'

'ती,' मी म्हटलं,
'फॉर्म खोटा भरते.'